बेंचरेस्ट रायफल: सगळं नवं बांधूनही ग्रुप उभा का पसरतोय?

टेकण

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मनात होतं, ते शेवटी झालं. .२२ ची बेंचरेस्ट रायफल (बेंचवर पिशव्यांवर टेकवून अचूक नेम साधायची) मनासारखी बांधून घेतली. सिंगल शॉट ॲक्शन (काडतूस कोंडून झाडणारा धातूचा भाग), ६१ सेंमी लांबीची मॅच बॅरल (आतल्या खाचांचा १६ इंचांत एक पीळ), लॅमिनेटेड लाकडाचा रुंद पुढ्याचा स्टॉक (दस्ता), ट्रिगर ५५ ग्रॅमच्या आसपास, ३६ पट मोठं दाखवणारा स्कोप. वजन ४.७ किलो, म्हणजे लाइट व्हार्मिंट या वजनगटाच्या ४.७६२ किलोच्या मर्यादेत जेमतेम बसते.

अंतर ५० मीटर. परवा शांत सकाळी पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचे झुबके) काढले. केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजल्यावर ९, १४, ८, १२ आणि १५ मिमी भरले. सरासरी ११.६. माझी जुनी कारखान्यातली रायफल एवढं सहज करायची. त्यातही खटकणारी गोष्ट अशी की ग्रुप आडवे नाहीत, उभे आहेत. चार गोळ्या एकमेकींना चिकटून आणि पाचवी एकदम वर, नाहीतर एकदम खाली.

आता समोर तीन वाटा दिसतात: बेडिंग नव्याने करून घेणं, बॅरल बदलणं किंवा ट्यूनर (बॅरलच्या तोंडावरचं सरकतं वजन) बसवणं. कुठून सुरुवात करू? या रायफलीत जीव अडकलाय, त्यामुळे घाईत काही बिघडवायचं नाही.

रानवारा

पहिला प्रश्न: वाऱ्याचे झेंडे लावले होते का? "शांत सकाळ" ही बेंचवर बसलेल्या माणसाला वाटते. गोळी जाते त्या वाटेवर काय चाललंय ते झेंड्यांनाच ठाऊक.

.२२ ची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटरवर आडवा वारा सेकंदाला १ मीटर असेल तर ती जवळपास ७ मिमी सरकते. १ मीटर म्हणजे गालाला जेमतेम कळेल इतकी झुळूक. गोळीचा स्वतःचा व्यास ५.७ मिमी. म्हणजे न जाणवणारा वारा तुमच्या गोळीला तिच्या जाडीपेक्षा जास्त ढकलतो.

आणि वारा फक्त आडवं ढकलत नाही. उजव्या पिळाच्या बॅरलमधून सुटलेली गोळी उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर जाते, डावीकडच्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली. लक्ष्यावर घड्याळ कल्पिलं तर दहा आणि चार यांना जोडणारी तिरकी रेघ. तुमचे ग्रुप नीट पाहा. सरळ उभे आहेत की या रेघेवर तिरके? तिरके असतील तर रायफलीला हातच लावू नका.

झेंडे निदान तीन हवेत आणि पहिला बेंचच्या जवळ. बॅरलमधून निघाल्याबरोबर गोळीची दिशा जराशी जरी वळली तरी ती चूक पुढची सगळी वाट वाढत जाते. लक्ष्याजवळचा वारा त्या मानाने कमी छळतो. बरेच जण नेमकं उलटं करतात.

अवधूत_५०

रानवारा यांच्याशी सहमत, पण माझं पहिलं मत लॉटला, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या काडतुसांच्या गठ्ठ्याला.

मोठ्या रायफलीची काडतुसं माणूस स्वतः भरतो, दारू तोलतो, गोळी किती आत बसवायची ते ठरवतो. .२२ मध्ये तो मार्गच नाही. कारखान्यातून आलं ते आलं. हातात राहतं ते फक्त लॉट निवडणं. एकाच नावाच्या, एकसारख्या डब्यातल्या दोन लॉटमध्ये माझ्या बॅरलने ७ आणि १२ मिमी असा फरक दाखवलाय. एली, लापुआ या काडतूस कंपन्यांकडे तर चाचणीसाठी वेगळे रेंजच आहेत. तिथे तुमची ॲक्शन पकडीत बसवून एकामागून एक लॉट झाडून बघतात.

उभ्या फैलावाचं गणित सोपं आहे. वेग सेकंदाला ३ मीटरने कमी झाला तर ५० मीटरवर गोळी २.३ मिमी खाली लागते. एखाद्या लॉटमध्ये सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद गोळीत ९ मीटरचा फरक असेल तर ७ मिमीची उभी रेघ आपोआप तयार. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर आधी तो लावा.

नवखी

मी नुकतीच या खेळात आले आहे, त्यामुळे प्रश्न साधा आहे. जास्त वेगाची .२२ घेतली तर वारा कमी लागणार नाही का? लक्ष्यापर्यंत लवकर पोहोचेल ना?

रानवारा

@नवखी, प्रश्न अगदी योग्य आहे आणि उत्तर उलटं आहे. वारा किती ढकलेल हे उड्डाणाच्या एकूण वेळेवर ठरत नाही. हवेच्या विरोधामुळे गोळीला *जादा* किती वेळ लागला यावर ठरतं. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर. त्याच्या वर गेलं की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, गोळी सुरुवातीलाच वेग गमावते आणि हा जादा वेळ वाढतो. म्हणून जास्त वेगाची .२२ वाऱ्यात जास्त वाहते. मॅचची सगळी काडतुसं ध्वनीच्या खाली ठेवलेली असतात ती यासाठीच.

नवखी

हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. धन्यवाद. वाचनखूण साठवली.

गणिती_मावशी

टेकण, तुमची रायफल बिघडलेली आहे की नाही हे या पाच ग्रुपांवरून सांगता येत नाही. रागवू नका, नीट ऐका.

पाच गोळ्यांच्या ग्रुपचा आकार फार उडता असतो. रायफल, लॉट, हवा सगळं तेच ठेवलं तरी एका ग्रुपपासून दुसऱ्यापर्यंत पाव हिश्शाची हलचल ठरलेली. सरासरी ११.६ असलेली रायफल एकदा ८ आणि एकदा १५ दाखवणारच. ८ चा ग्रुप कापून पाकिटात ठेवायचा आणि १५ चा "फ्लायर" (भरकटलेल्या गोळीचा) म्हणून फेकायचा, ही सवय सोडा. दोन्ही त्याच रायफलीचे.

तीन गोळ्यांचे ग्रुप तर आणखी फसवतात. त्याच रायफलीचा पाच गोळ्यांचा ग्रुप तीनच्या मानाने सरासरी २७ टक्के मोठा येतो, दहाचा पाचच्या मानाने २४ टक्के.

काही बदलल्याने १० टक्के सुधारणा झाली हे खात्रीने म्हणायचं तर आधीचे पन्नासेक आणि नंतरचे पन्नासेक ग्रुप लागतील. ३० टक्क्यांची सुधारणा मात्र सहा-सहा ग्रुपांत दिसते. म्हणून सुरुवातीला फक्त मोठे दोष शोधा, बारीकसारीक नंतर.

आणि ग्रुप मोजूच नका. जागतिक रिमफायर (.२२ सारखी, कडेवर ठोकून पेटणारी काडतुसं) आणि एअर रायफल बेंचरेस्ट महासंघाच्या स्पर्धेत असतं तसं २५ बुलांचं (नेमाच्या छोट्या वर्तुळांचं) लक्ष्य लावा. प्रत्येक बुलावर एक गोळी. प्रत्येक गोळी केंद्रापासून किती वर-खाली आणि किती डावी-उजवीकडे, हे दोन आकडे लिहा. अशी दोन लक्ष्यं, म्हणजे ५० गोळ्या. मग उभं आणि आडवं प्रमाण विचलन वेगवेगळं काढा. ग्रुपच्या आकारात पाचपैकी फक्त दोन टोकाच्या गोळ्या बोलतात. इथे प्रत्येक गोळी बोलते.

डावखुरा

मावशींचा प्रतिसाद छापून बेंचला चिकटवावा असा आहे.

पण अवधूत, तुमच्याशी थोडा वाद घालतो. मी लॉटच्या मागे एक अख्खा हंगाम घालवला. चार लॉट आणले, चारही वाईट. शेवटी एका मित्राचा स्कोप सहज म्हणून बसवला आणि दुसऱ्याच लक्ष्यावर सगळ्या गोळ्या जागेवर. माझ्या स्कोपमधली क्रॉसहेअर (नेमाची फुली) प्रत्येक झटक्यानंतर नवी जागा शोधत होती. बाहेरून काहीही कळत नव्हतं. काच स्वच्छ, क्लिक कुरकुरीत.

त्यामुळे माझं मत: चांगला चालणारा स्कोप उसना मिळत असेल तर पहिली चाचणी ती. खर्च शून्य. आणि पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) बघाच. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात लावू नका, डोळा थोडा वर-खाली हलवा. क्रॉसहेअर बुलावरून सरकली तर फोकसची कडी अजून जागेवर नाही. डोकं प्रत्येक गोळीला वेगळ्या उंचीवर टेकत असेल तर एवढ्यानेही उभी रेघ तयार होते.

अवधूत_५०

@डावखुरा, मान्य. पण तुमचे चारही लॉट वाईट निघाले, हाच तर पुरावा होता की दोष दुसरीकडे आहे. एका लॉटवर कुणी निवाडा देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

लेथवाला

माझा धंदा लेथचा, त्यामुळे मी लोखंडाकडून बोलतो. हे सगळं करताना बोल्ट काढून बाजूला, चेंबर रिकामं, बोट घालून पुन्हा खात्री. त्याशिवाय स्क्रूड्रायव्हर उचलायचा नाही.

१) डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं साधन). चुंबकी पाया बॅरलवर धरवा, सुईचं टोक स्टॉकच्या पुढ्याच्या टोकाला टेकवा, डायल शून्यावर. आता ॲक्शनचा पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा आणि काट्याकडे बघा. मग तो कसून मागचा सैल करा. बेडिंग निरोगी असेल तर काटा ०.०५ मिमीच्या आत राहतो. जास्त हलला तर समजा की स्क्रू कसताना ॲक्शन वाकतेय. वाकलेली ॲक्शन प्रत्येक गोळीला किंचित वेगळी बसते. माझ्याकडे आलेल्या एका रायफलीत काटा पाव मिमी फिरला होता आणि मालक दुसरी बॅरल मागवायला निघाले होते.

२) स्क्रूची लांबी. पुढचा स्क्रू आत जाऊन बोल्टला किंवा बॅरलच्या आट्यांना टेकत असेल तर हाताला "घट्ट" लागतो, पण ॲक्शन धरलेलीच नसते. टोकाला मार्करचा काळा ठिपका लावा, कसा, काढा. ठिपका घासला गेला असेल तर उत्तर मिळालं.

३) क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड). कानात घालतो ती कापसाची काडी बॅरलच्या तोंडाशी आतून बाहेर ओढत गोल फिरवा. कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथे बर, म्हणजे धातूचं बारीक कुसळ, आहे.

४) फायरिंग पिन. रिमफायरमध्ये रिमवर फटका प्रत्येक वेळी सारखा पडला पाहिजे. झिजलेला स्प्रिंग किंवा पिनच्या वाटेत साचलेलं जुनं घट्ट ग्रीस म्हणजे प्रत्येक काडतूस वेगळं पेटणार, वेग वेगळा आणि पुन्हा उभी रेघ. वापरलेली केसं (काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी) जपून ठेवा आणि भिंगाखाली खुणा शेजारी-शेजारी ठेवून बघा.

नवखी

बेडिंग म्हणजे नेमकं काय हो काका?

लेथवाला

ॲक्शन स्टॉकमध्ये जिथे बसते तिथे इपॉक्सी भरून तिचा हुबेहूब साचा करतात, म्हणजे ती कुठेही अधांतरी राहत नाही. स्क्रूंच्या भोकांत धातूच्या नळ्या असतात, त्यांना पिलर म्हणतात. स्क्रू कसला की दाब लाकडावर न येता पिलरवर येतो. लाकूड दबतं, हवेतल्या ओलाव्याने फुगतं. पिलर जागा सोडत नाही. मात्र पिलरचं तोंड साच्याच्या पातळीत हवं. खाली राहिलं तर ॲक्शन कमानीसारखी ताणली जाते.

श्वास_रोखून

सगळे रायफल तपासताहेत. मी पिशव्यांबद्दल बोलते.

बेंचरेस्टमध्ये अर्धी रायफल म्हणजे पुढचा रेस्ट (टेकू) आणि मागची पिशवी. एक चाचणी सांगते. रिमफायर रिकामी चालवली तर पिन चेंबरच्या काठावर आपटते, म्हणून वापरलेलं केस आत घाला, त्याची न ठोकलेली बाजू पिनखाली येईल असं फिरवून. क्रॉसहेअर ठिपक्याच्या मधोमध आणा. आता ट्रिगर दाबा आणि पापणी न मिटता बघत राहा. क्रॉसहेअर जागेवर थरथरली तर उत्तम. उडी मारून वर किंवा खाली जाऊन बसली, तर तीच उडी खऱ्या गोळीतही पडतेय. .२२ ची गोळी बॅरलमध्ये बराच वेळ असते. तेवढ्यात रायफल हलते आणि जशी हलेल तशी गोळी सुटते.

दुसरी चाचणी: रायफल हाताने एक सेंटिमीटर मागे ढकला आणि पुन्हा पुढे, स्टॉपला टेकेपर्यंत आणा. दहा वेळा. क्रॉसहेअर दहाही वेळा जवळपास त्याच जागी यायला हवी. येत नसेल तर पुढा आणि मागची कड समांतर नाहीत, नाहीतर पिशवीचे कान (वरचे दोन उंचवटे) स्टॉकला धरून ठेवताहेत.

जुनाजाणता

सफाईचा विषय अजून निघाला नाही याचं आश्चर्य वाटतं. चेंबरच्या पुढच्या टोकाला, जिथे केसाचं तोंड संपतं, तिथे कार्बनचं कडं बसतं. .२२ च्या रिममधल्या पेट घेणाऱ्या मसाल्यात बारीक काचेची पूड असते, ती आणि शिसं मिळून हे कडं दगडासारखं होतं. मॅच चेंबरमध्ये गोळी आधीच पिळात रुतून बसते, त्यात हे कडं तिला सोलून काढतं. साध्या पॅचने ते निघत नाही. सॉल्व्हंट मुरू द्या, मग ब्राँझचा ब्रश, तोही बोअर गाइड (सळई सरळ ठेवणारी नळी) घालूनच. नंतर हात साबणाने धुवा, शिसं पोटात जाऊ नये.

मी दर दोनशे गोळ्यांनी पूर्ण सफाई करतो.

डावखुरा

आणि मी हजार गोळ्यांपर्यंत ब्रश घालत नाही. फक्त चेंबरचा पुढचा भाग पुसतो. बॅरल पूर्ण साफ केली की पुढच्या वीसेक गोळ्या इकडेतिकडे जातात, गोळीवरचं मेण आतून सगळीकडे बसेपर्यंत. एका कंपनीच्या काडतुसावरून दुसऱ्या कंपनीच्या काडतुसावर गेलं तरी हेच, कारण मेण वेगळं. लॉटची तुलना करताना हे विसरलं की चांगला लॉट वाईट ठरतो.

जुनाजाणता

त्या वीस गोळ्या मी मोजणीत धरतच नाही, सरावाच्या बुलावर झाडतो. तुमची पद्धत तुमच्या बॅरलला लागू पडत असेल, पण कडं एकदा पक्कं झालं की ते काढताना बॅरलचंच नुकसान होतं. यावर माझं मत बदलणार नाही.

अवधूत_५०

ट्यूनरचं कुणी बोललं नाही. बॅरल झटक्याने वर-खाली कंप पावते. मंद गोळी थोडी उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी तोंड वर जात असेल तर मंद गोळीला जरा जास्त चढ मिळतो आणि तिचं खाली पडणं भरून निघतं. तोंडावर वजन बसवून आणि ते बारीक पुढे-मागे करून हा क्षण जुळवायचा. १९९० च्या दशकात ब्राउनिंग कंपनीने हीच कल्पना शिकारी रायफलींवर आणली होती. रिमफायर बेंचरेस्टमध्ये तर ट्यूनरशिवायची रायफल आता विरळाच.

टेकण यांचा फैलाव उभाच आहे, म्हणजे हे औषध नेमकं लागू.

लेथवाला

लागू आहे, पण शेवटी. ॲक्शन हलत असेल तर ट्यूनर आज जुळेल आणि उद्या सुटेल. आणि ही भरपाई एका ठरावीक अंतरालाच बरोबर बसते, हेही सांगा.

जुनाजाणता

जरा विषयांतर करतो. या खेळात किती खोल जाता येतं त्याचा अंदाज नव्या मंडळींना यावा म्हणून.

१९५० साली रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी .२२२ रेमिंग्टन हे काडतूस आणलं आणि पुढची वीसेक वर्षं बेंचरेस्टवर त्याचंच राज्य होतं. मग सत्तरच्या दशकात लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियनच्या केसापासून पीपीसी हे काडतूस घडवलं. आखूड आणि जाड. ६ पीपीसी आजही १०० यार्डांच्या बेंचवर सगळीकडे दिसतं.

आणि विक्रम! १९७३ मध्ये मॅक मॅकमिलन यांनी १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ०.००९ इंचाचा ग्रुप मारला. म्हणजे पाव मिलिमीटरच्याही आत. कागदावर एकच भोक, तेही एकाच गोळीचं वाटावं असं. तो विक्रम चाळीस वर्षं टिकला. २०१३ मध्ये माइक स्टिनेट यांनी ०.००७७ इंच करून तो मोडला. एवढ्या वर्षांत स्कोप, बॅरल, ॲक्शन, मोजण्याची साधनं सगळं पुढे गेलं आणि फरक पडला तो मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांचा.

गणिती_मावशी

सुंदर माहिती. फक्त एक जोडते. विक्रम म्हणजे हजारो ग्रुपांतला सगळ्यात लहान. स्पर्धा जिंकतात त्या सरासरीवर. टेकण यांनी पाठलाग सरासरीचा करावा.

टेकण

मंडळी, दोन महिने गप्प होतो कारण कामाला लागलो होतो. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर मावशींच्या पद्धतीने ५० गोळ्या. तीन झेंडे, तोच लॉट, पहिल्या वीस गोळ्या सरावाच्या बुलावर.

सुरुवात: उभं विचलन ४.६ मिमी, आडवं २.७. रानवारा, मी कागदावर रेघ मारून पाहिली. तिरकं नव्हतं, सरळ उभंच होतं. उसना स्कोप लावून पाहिला, आकडे तेच. क्राउन ठीक, पिनच्या खुणा सारख्या.

कार्बनचं कडं खरंच होतं. काढलं. उभं ४.३ वर आलं.

मग श्वास_रोखून यांची केसाची चाचणी. ती रात्र मी विसरणार नाही. घरात टेबल, समोरच्या भिंतीवर पेनाचा ठिपका. ट्रिगर दाबला आणि क्रॉसहेअर ठिपक्यावरून टुणकन खाली जाऊन बसली. पुन्हा दाबला, या वेळी वर. पाचव्या खेपेला मागच्या पिशवीवर हात ठेवला तेव्हा कळलं, वाळू आतल्या आत सरकतेय. पिशवी निम्मीच भरलेली होती. विकत आणली तशीच वापरत होतो, कधी दाबूनही पाहिली नव्हती. जड वाळू गच्च भरली, कानांना टाल्कम लावलं. आता ट्रिगर दाबला की क्रॉसहेअर जागच्या जागी शहारते आणि थांबते. उभं ३.४, आडवं २.६.

शेवटी डायल इंडिकेटर. मागचा स्क्रू सैल केला, काटा हलला नाही. पुढचा अर्धा आटा सोडला आणि काटा शांतपणे चालायला लागला. ०.०४, ०.०८, ०.१३ वर थांबला. पुन्हा कसला, परत आला. पुन्हा सोडला, पुन्हा ०.१३. स्टॉक उघडून पिलरच्या तोंडावर सरळपट्टी उभी धरली तर खालून दिव्याचा उजेड दिसत होता. पुढचा पिलर साच्यापेक्षा खाली बसलेला. ज्यांनी बेडिंग केलं ते कुशल आहेत, त्यांच्याकडून इपॉक्सी वाळताना पिलर सरकला असावा. त्यांनीच मोठ्या मनाने पिलर वर घेऊन पातळ थर पुन्हा भरून दिला. आता दोन्ही स्क्रूंना काटा ०.०२ च्या वर जात नाही.

त्यानंतरच्या ५० गोळ्या: उभं २.४, आडवं २.५.

पाच गोळ्यांच्या ग्रुपात सांगायचं तर सरासरी साधारण ७.५ मिमी. बॅरल तीच. लॉट तोच. ट्यूनर नाही.

गणिती_मावशी

टेकण, हे वाचून डोळे भरून आले. अशी नोंद ठेवणारा माणूस विरळा.

पन्नास गोळ्यांवर ४.६ चं ४.३ हे धरू नका, तो फरक नुसत्या योगायोगानेही येतो. ४.३ चं ३.४ बहुधा खरं आहे, पण त्यावर एकट्याने पैज लावू नका. ४.६ चं २.४ मात्र निःसंशय. आणि उभं-आडवं आता सारखं झालं, ही सगळ्यात आनंदाची गोष्ट. गोल फैलाव म्हणजे एखादी ठळक चूक उरलेली नाही.

जुनाजाणता

कडं काढल्याने फरक पडला नाही असं म्हणू नका हो! पुढच्या हजार गोळ्या सांगतील.

डावखुरा

मी आजच माझी मागची पिशवी दाबून पाहिली. मऊ आहे. वाळू भरायला घेतोय.

श्वास_रोखून

@डावखुरा, भरताना पिशवी मधूनमधून आपटत राहा, म्हणजे वाळू बसते. आणि तळ सपाट ठेवा, नाहीतर पिशवीच टेबलावर डुलेल.

अवधूत_५०

अभिनंदन, टेकण! आता तरी माझं ऐका. चार लॉट आणा.

टेकण

आणलेत, अवधूत. पाच. पुढच्या रविवारी पहिला. प्रत्येक लॉटआधी वीस गोळ्या मेणासाठी, मग ५० मोजणीच्या. त्यातला सगळ्यात चांगला निघेल त्यावर ट्यूनर.

लेथवाला

आणखी एक करा. नव्या बेडिंगनंतर महिन्याभराने टॉर्क पाना लावून दोन्ही स्क्रू तपासा. आज किती न्यूटन-मीटरवर कसलेत ते स्टॉकच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.

टेकण

लिहिलं, काका. पुढचा २.५, मागचा २.